गंजाचा राखणदार

गफूर सारंगाला बसता येत नसे. गुडघ्यांत काही दोष होता असं नाही. नमाजाला तो तरण्या पोरांच्या आधी वाकायचा, आणि खडकावर उकिडवा बसून कालवं फोडायला लागला की बायकांनाही मागे टाकायचा. दोष होता तो हातांत. हात रिकामे राहिले की त्यांना मुंग्या यायच्या, त्या मुंग्या खांद्यापर्यंत चढायच्या, आणि मग हा माणूस उठून काहीतरी खरवडायला घ्यायचा.

यात त्याची चूक कमी आणि बोटींची जास्त. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. गफूरची सारी उमर विलायती कंपनीच्या मालबोटींवर गेलेली. बोट म्हणजे लोखंड, समुद्र म्हणजे मीठ, आणि या दोघांचा संसार मांडला की जे पोर होतं त्याचं नाव गंज. या पोराला रांगू द्यायचं नाही, हे सारंगाचं काम. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात करायची, हातोडीनं गंज झाडायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा, शेंदूर लावायचा, वर रंग मारायचा, आणि असं करत करत मागच्या टोकाला, वऱ्यापर्यंत पोचलं की नाळ पुन्हा लाल झालेलीच असायची. रत्नागिरीतल्या यच्चयावत मारुतींना मिळून लागत नसेल इतका शेंदूर या एका मुसलमानाच्या हातून लोखंडाला लागला होता. पुण्य कुठं जमा झालं असेल ते अल्लाला आणि मारुतीला ठाऊक.

जन्नतचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, आणि बायकोनं, खतिजानं, त्याचा हात आपल्या डोईवर ठेवून वदवून घेतलं की आता पुरे, आता पुन्हा बोट नाही. गफूर कबूल झाला आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात, घरी, कायमचा राहायला आला. पहिल्या आठवड्यात त्यानं खिडक्यांचे गज खरवडून शेंदरी केले. मग विहिरीचा रहाट झाला. मग बादली, कोयता, खतिजाची लग्नातली पत्र्याची ट्रंक. घरातलं लोखंड संपलं तेव्हा तो शेजाऱ्यांकडे वळला. शेजारच्या यमुनाबाईंची विळी त्यानं 'जरा साफ' करून दिली ती अशी, की दुसऱ्या दिवशी कोहळ्याबरोबर यमुनाबाईंचा अंगठाही कापला गेला. गफूर कुंपणाशी दिसला की लोक सायकली घरात घेऊ लागले.

"गो खतिजा," यमुनाबाई अंगठ्याला चिंधी बांधून सांगायला आल्या, "तुझा घोव मला शेजारी म्हणून फार आवडतो. पण त्याला काहीतरी काम बघ. नाहीतर एक दिवस तो आमच्या ह्यांचा चष्मा खरवडील."

खतिजालाही तीच चिंता होती, फक्त तिच्या चिंतेला वेगळा काटा होता. संध्याकाळी गफूर पुळणीवर जाऊन उभा राही आणि लांबून जाणाऱ्या बोटीचा धूर दिसला की नुसत्या धुरावरून ती कुठल्या कंपनीची, कुठल्या वजनाची, हे पुटपुटत राही. एवढ्या वर्षांनी मिळालेला नवरा असा धुराबरोबर जाईल, ही तिची भीती. तिला तो पाहिजे होता, आणि जमिनीवर पाहिजे होता. बाकी काही मागणं नव्हतं.

यमुनाबाईंचे यजमान आत्माराम बोटीच्या एजंटाच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी एक दिवस बातमी आणली की मुंबईच्या कुठल्याशा रंगाच्या कंपनीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक माणूस हवा आहे.

"रंगाची कंपनी?" गफूर ताडकन उठला. तसा तो उभाच होता, पण तरीही उठल्यासारखा दिसला. "मग तर आपलाच काम हाय."

या वाक्यानं पुढे सगळा घोटाळा केला.

कंपनीचे केमिस्ट शेवडे गिरगावातले, नव्या चष्म्याचे आणि नव्या नोकरीचे. बोट खोल पाण्यात थांबली आणि तिथून उतारूंना पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरवलं. किनाऱ्याला लागेपर्यंत शेवड्यांच्या चेहऱ्यावर जो हिरवा रंग चढला होता, तो त्यांच्या स्वतःच्या पेटीतल्या नमुन्यांतही नव्हता. लिंबू चोखून माणसात आल्यावर त्यांनी पेटी उघडली. आत वहीच्या पानाएवढाले पोलादाचे पत्रे. एक उघडा, बाकीचे जोडीजोडीनं रंगवलेले: शेंदरी, काळे, हिरवे, राखाडी.

"ही राळ आहे," शेवडे राखाडी पत्रा दाखवून म्हणाले. "पण झाडाची नव्हे. रसायनं शिजवून कारखान्यात केलेली. पोलादावर हिचं कातडं बसतं. त्यातून ना पाणी आत जाणार ना मीठ. निदान आमची तशी आशा आहे."

गफूरला राळ ठाऊक होती. होडीला तेलातून लावायचा चंद्रूसही ठाऊक होता. "झाड नाय, मग चीक कुठला काढलात?"

"चीक आम्हीच करतो."

गफूरनं शेवड्यांकडे जरा दयेनंच पाहिलं.

समुद्राकडे तोंड करून, छपरासारखी तिरपी, एक लाकडी चौकट उभी राहिली. तिचे लोखंडी कोपरे राखाडी रंगानं रंगवले गेले. पत्रे ओळीनं बसले. गफूर खूश होता. रंगाचे हात एकसारखे, कुठे ओघळ नाही, कुठे केस नाही. आणि मग शेवड्यांनी खिशातून पोलादी टोचा काढला, फूटपट्टी धरली, आणि पहिल्या रंगवलेल्या पत्र्यावर दाबून फुली मारली, थेट रंगाखालचं पोलाद दिसेपर्यंत.

गफूर असा ओरडला की पुळणीवरचे बगळे उडाले.

"सायब! चरा पडला!"

"पडला नाही, पाडला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. सगळ्यांवर पाडणार." आणि शेवडे खरोखरच दुसऱ्या पत्र्याकडे वळले. "रंग चांगला आहे तोवर सगळेच रंग चांगले असतात हो. खरी परीक्षा चरा पडल्यावर. गंज चऱ्यातच थांबतो, की रंगाखालून पसरत जातो, तेच बघायचंय. हा उघडा पत्रा ताडून बघायला."

"मग माझा काम काय?"

"काही करायचं नाही."

"म्हंजे?"

"गुरं, पोरं, कावळे जवळ येऊ द्यायचे नाहीत. आणि तुम्ही हात लावायचा नाही."

"फडका मारू ना सकाळचा?"

"नाही."

"तेलाचा बोट?"

"नाही!"

"आणि गंज चढला तर?"

"चढू दे! गंज चढावा म्हणूनच तर मी ओकत ओकत इथवर आलो." मग शेवड्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी उरलेल्या राखाडी रंगाचा डबा आणि ब्रश पुढे केला. "अगदीच राहवलं नाही तर हे चौकटीचे कोपरे रंगवत जा. ते परीक्षेत नाहीत."

गफूरनं घरी येऊन जाहीर केलं, "सायब येडा हाय."

"असूदे येडा," खतिजा चुलीवरचा तवा न हलवता म्हणाली. "जन्नतच्या बावाला जमिनीवर ठेवतो ना, मग तो माझा पीर."

नोकरी सुरू झाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, याहून आरामाचं काम नाही. पण जन्मभर चोर धरलेल्या फौजदाराला म्हातारपणी त्याच चोराच्या दारात पहारा द्यायला बसवलं, आत कुणी त्याची झोपमोड करू नये म्हणून, तर त्याला जसं वाटेल तसं गफूरला वाटत होतं.

पहिले वैरी आले ते बायकांच्या रूपानं. समुद्राकडे तोंड केलेली, उन्हाच्या तोंडची, वाऱ्यावरची चौकट म्हटल्यावर मिऱ्याच्या कुठल्याही शहाण्या बाईला ती कशासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी मासळी सुकवणाऱ्या रहिमानं तिच्यावर बोंबील वाळत घातले.

"रहिमा, काढ ते!"

"का? तुजा गंज काय बोंबील खातो काय?"

"सरकारी काम हाय!" कंपनी खाजगी होती, पण एवढा फरक बोंबलांसमोर चालून जातो.

मग टिंगल सुरू झाली. मशिदीकडून घरी जाताना लोक मुद्दाम वाट वाकडी करून विचारत, "काय सारंग, गंज पिकला काय? कवा उतरवणार?" कुणी म्हणे पेटीला काय भाव, कुणी म्हणे कलमी की रायवळ. गफूर सगळ्यांना शिव्या देई आणि चौकटीभोवती येरझाऱ्या घाली. येरझाऱ्यांनी पुळणीत एक पायवाट पडली. भरती ती पुसून टाकी, ओहोटीला हा ती पुन्हा पाडी.

सगळ्यात छळ उघड्या पत्र्याचा. आधी त्याच्यावर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग आले. मग हळदीचा हात फिरल्यासारखा झाला, मग फणसाच्या सालीसारखा खरखरीत. गफूर त्याच्याकडे पाठ करून उभा राही. पण पाठीलाही ते दिसे. इतर पत्र्यांवर चऱ्यातून गंज निघाला आणि रंगाखाली शिरला. काळा रंग तर चऱ्याच्या दोन्ही अंगांना पापडासारखा फुगून आला. फक्त राखाडी जोडी टिकून होती. तिच्या चऱ्यात एक बारीक तपकिरी रेघ तेवढी दिसायची, पोटच्या पोराला ओरखडा उठावा तशी. काळ्याचं गफूरला काही वाटत नसे. ते मेलेलंच. पण जे चांगलं टिकलंय त्यालाच तेवढा एक डाग, हे त्याला सोसेना.

त्यानं हातांना दुसरीकडे गुंतवायचा प्रयत्न केला. सुंभाच्या चटया विणल्या. गावातल्या प्रत्येक होडीला दोराचे गोंडे करून दिले, मागणी असो नसो. आणि चौकटीचे कोपरे त्यानं इतक्या वेळा रंगवले की लोखंड खाली कुठे आहे ते खोदून काढावं लागलं असतं.

"अवो, निदान जेवताना तरी बसा," खतिजा म्हणे.

"बसलोय की."

"ढुंगण टेकलंय. बसलेलं नाय."

अशात मुसा रजेवर आला. मुसा म्हणजे गफूरच्या हाताखाली तयार झालेला खलाशी, आता बोटीवर टिंडेल, सारंगाच्या खालची जागा; सारंगाच्या वर मेटसायब, बोटीचा अधिकारी. अंगात विलायती जाकीट, तोंडात विलायती सिगारेट. तो चौकटीपाशी आला, पत्रे पाहिले, गफूरला पाहिलं, आणि पोट धरून हसला.

"सारंग, हे काय मांडलंस? आमची बोट बघून मेटसायब बोलायचा, गफूरच्या डेकवर जेवण वाढा. आणि आज तू गंजाला छत्री धरून उभा!"

"तुज्या बोटीवर कोण हाय रे सारंग?"

"होता एक. घरी गेला तो गेलाच. मेटसायबानं परवा मना विचारलान, तुज्या मुलखात कोण जुना माणूस हाय काय? मी बोललो, हाय, पण तो कामात हाय." मुसानं सिगारेटची राख झाडली. "पुढल्या बोटीनं मी मुंबईला जातंय. येतंस काय? खतिजाभाबीला मी सांगतो हवं तर."

"मी हात ठेवलाय तिच्या डोईवर."

"मग बस हात चोळत."

मुसा गेला. गफूरनं खरोखरच पाहिलं तर तो हात चोळत होता. वारा खारा, ऊन करकरीत, लांबवर एक धूर. त्यानं धुराकडे पाहिलं नाही, पत्र्याकडे पाहिलं. आणि मग जे झालं ते त्याच्या हातांनी केलं, असं तो नंतर सांगे. चाकू कमरेला होता. चाकूच्या टोकानं राखाडी पत्र्याच्या चऱ्यातली तपकिरी रेघ केसासारखी उचलली गेली. फडक्यानं आतलं पोलाद चकचकीत झालं. ब्रशाचे चार केस राखाडी डब्यात बुडले आणि चऱ्यातून असे अलगद फिरले की रंगानं रंगाला ओळख दाखवली. चरा होता तिथंच होता, पण आता तो आतून भरलेला, मिटल्या पापणीसारखा दिसत होता. मग दुसरा राखाडी पत्रा. जोडीतला एक करायचा आणि एक ठेवायचा, हे सारंगाच्या धर्मात बसत नाही.

त्या दिवशी गफूर जेवायला बसला तो खराच बसला. भात मागून घेतला. पानात काटे उरले तेही चोखले. आंघोळीला जाताना गुणगुणला.

खतिजानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "काय केलात?"

"काय नाय."

"तुमी गुणगुणता म्हंजे कायतरी खरवडलात."

"नाय गो!" गफूर म्हणाला, आणि त्याचं गुणगुणणं तिथंच तुटलं.

शेवडे आले ते मुसाच्या जायच्या बोटीच्या आदल्या दिवशी. पुन्हा हिरवे होऊन, पुन्हा लिंबू चोखून, भिंग घेऊन ते चौकटीपाशी बसले. उघडा पत्रा पाहून त्यांनी समाधानानं मान हलवली. काळा पाहून 'वाट लागली' असं आनंदानं म्हणाले. मग राखाडीवर भिंग धरलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. गफूर त्यांच्या मागे या पायावरून त्या पायावर होत होता.

"गफूरभाई," शेवडे म्हणाले, "हा चरा भरून आलाय."

"हां."

"जखम भरते तसा! रंग आपण होऊन सरकून आत आलाय! दोन्ही पत्र्यांवर!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. एवढा ओकून आलेल्या माणसाला काहीतरी दिसायलाच हवं होतं, आणि ते दिसत होतं. "आमचे साहेब म्हणाले होते, चऱ्यात टिकला तर पहिली ऑर्डर बोटींच्या शिड्या आणि जीवरक्षक होड्यांच्या कप्प्या. आणि हा तर भरून आला! जेवतो आणि तार करतो!"

ते जवळजवळ पळतच गेले. गफूर तिथंच राहिला. त्याला एक जुनी शिडी आठवत होती, कुठल्याशा गोऱ्या बंदरातली. वरून रंग आरशासारखा, आत पायरीचा भुसा झालेला. आंबेड गावचा एक पोर तिच्यावरून खाली गेला तो पुन्हा वर आला नाही. रंग नसता तर गंज दिसला असता, गंज दिसला असता तर कुणी पाय ठेवला नसता. चांगला रंग वाईट बातमी झाकतो, हे गफूरला कळत होतं. आणि जन्नतचा नवरा युसुफ आज बोटीवर खलाशी होता, दिवसातून कितीदा तरी शिडी चढणारा.

घरी आल्यावर तो बसला नाही. ओटीवरून माजघरात, माजघरातून ओटीवर. खतिजा सोड्यांचं, सुक्या कोळंबीचं, कालवण ढवळत होती. चौथ्या फेरीला ती म्हणाली, "बोला आता."

तो बोलला. सगळंच. चाकू, फडका, ब्रशाचे चार केस, मिटलेली पापणी. खतिजाला आधी हसू आलं. एवढ्या मोठ्या दुनियेत ज्याला एकच गोष्ट करू नको सांगितलेली, त्यानं नेमकी तीच केली होती, आणि इतकी सुरेख केली होती की शिकलेला माणूस नाचत गेला. मग तिचं हसू थांबलं.

"मुसा आला त्याच दिशी केलात."

"हां."

"नोकरी गेली की जमिनीवर ऱ्हायचा काय कारण नाय. मुसाबरोबर जायला मोकळे. म्हणून तर केलात नाय?"

गफूर 'नाय' म्हणणार होता. तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपल्याला ठाऊक नाही. हातांनी केलं होतं. हातांना काय हवं होतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तो नुसता खांबाची साल नखानं उचकटत उभा राहिला.

"तो रंग युसुफच्या बोटीला लावतील काय?"

"कुठल्या ना कुठल्या बोटीला लावतील. चरा आपोआप भरतो बोलून लावतील."

खतिजानं कालवण खाली उतरवलं. कढई जमिनीवर टेकायला तिला जरा वेळ लागला. "जावा. तार जायच्या आधी जावा."

"नोकरी जायल."

"जायल."

"मग मी..."

"मग तुमी पण जाल. मना काय समजत नाय? पोरगी निजवत निजवत किती वर्सा तुमची वाट बघितलंय मी, अजून बघीन." ती पदरानं कपाळ पुसत होती, कपाळालाच घाम होता असं नाही. "पन पोरीचा दादला शिडीवरनं गेला, तर तिच्यासमोर मी कुठल्या तोंडानं जाऊ? उठा. उठा म्हंजे काय, उभेच आहात. पळा!"

गफूर पळाला. पुळणीतून, माडांमधून, कौलाच्या वखारींवरून रत्नागिरीच्या रस्त्याला. बरीच वाट पळून, थोडी वाट एका भल्या माणसाच्या बैलगाडीनं, तो तारघराशी पोचला तेव्हा शेवडे आणि आत्माराम पायऱ्या चढत होते. शेवड्यांच्या हातात तारेचा कागद होता.

"सायब! चरा भरला नाय. मी भरलाय."

शेवड्यांना अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा ते पायरीवरच बसले.

"दोन्ही पत्र्यांवर?"

"दोनीवर. एक करून दुसरा सोडायचा म्हंजे काम अर्धा ऱ्हायला."

"अहो, पण हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"कोपऱ्यांना लावा बोललात."

"कोपऱ्यांना!" शेवडे ओरडले, आणि मग पुढे त्यांनी मराठीत, संस्कृतात आणि थोडं इंग्रजीत जे काही सुनावलं ते आत्मारामांनी नंतर बायकोला सांगताना फक्त हातवाऱ्यांनी सांगितलं. गफूर मान खाली घालून ऐकत होता. मेटसायबाच्या शिव्यांच्या मानानं हे फारच सौम्य होतं, त्यामुळे त्याला उगाच जास्त लाज वाटली.

शेवडे दमले. त्यांनी तारेच्या कागदाच्या चिंध्या केल्या. "पेटीत नव्या राखाडी पत्र्यांची एक जोडी आहे. पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा धरून. आणि राखणदार बदलायला हवा."

आत्माराम खाकरले. "साहेब, बदला. पण मिऱ्यावर दुसरा ठेवलात तर तो तुमच्या पत्र्यांवर बोंबील वाळत घालील. हा निदान रंग तरी लावतो. आणि लावला तर येऊन सांगतो."

शेवड्यांनी गफूरकडे पाहिलं. गफूर एका जागी उभा असूनही चालत होता. "राहाल? पण मधेच बोटीवर पळायचं असेल तर आत्ता सांगा. मला पुन्हा पुन्हा समुद्रातून यायला लावू नका."

उद्याची बोट. मुसाचं जाकीट. मेटसायब. गफूरला सगळं दिसत होतं, आणि त्याच्या पायांनी पुळणीत पाडलेल्या वाटेसारखं ते भोवती फिरत होतं. मग त्यानं भलतंच विचारलं.

"सायब, हात लावला नाय, तर त्या राखाडीच्या चऱ्याचा पुढे काय होतो?"

"मला काय माहीत?"

"म्हंजे? तुमाला पण ठाऊक नाय?"

"ठाऊक असतं तर इतका खटाटोप केला असता? कुणालाच ठाऊक नाही. नवी राळ आहे. तेच तर बघायचंय."

 इतके दिवस गफूरला वाटत होतं, साहेबाला उत्तर माहीत आहे आणि आपल्याला नुसतं छळायला बसवलंय. आणि आता दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली, जी ध्यानात येऊन त्याला पायरीवर टेकावंच लागलं. सारी उमर चरे भरले. हजारांनी भरले. पण न भरलेल्या चऱ्याचं शेवटी काय होतं, हे त्यानं एकदाही पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट त्यानं सुरुवातीलाच बुजवली होती.

दुसऱ्या दिवशी मुसाचा पडाव सुटला तेव्हा मिऱ्यावरची निम्मी माणसं धक्क्यावर होती. मुसा आरोळ्या देत होता, "सारंग! जागा हाय अजून!" सारंग धक्क्यावर नव्हताच. तो चौकटीपाशी, नव्या राखाडी पत्र्यांसमोर, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून वाकून उभा होता. शेवड्यांनी सकाळीच त्यांच्यावर फुल्या मारल्या होत्या आणि त्या वेळी गफूरनं फक्त डोळे मिटून घेतले होते.

खतिजा तिथं आली. घरी तिनं ट्रंक काढून ठेवली होती, तिच्यात त्याच्या कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, त्या घड्या आता पुन्हा दांडीवर टाकल्या होत्या. पडाव लांब जाईपर्यंत तिनं त्याच्यावरच नजर ठेवली.

"ऱ्हायलात," ती म्हणाली.

"हां."

"माझ्यासाठी?"

कालपासून गफूरला खरं बोलायची नवी सवय लागली होती आणि ती आवरायचं तंत्र अजून हातात आलं नव्हतं. "नाय गो. चऱ्यासाठी."

खतिजा त्याच्याकडे बघतच राहिली. "मी रडले, उपास केले, दर्ग्याला चादर चढवलंय, डोईवर हात ठेवून घेतला. आणि तुमी ऱ्हायलात ते ह्या ओरखड्यासाठी!"

"बघ तर खरा. कुणालाच ठाऊक नाय पुढे काय होतो."

"बघते ना. बघू दे माझी सवत." तिनं पदर खोचला, चौकटीवर वाकली, नाक पत्र्याला लागेल इतकी. वारा होता, डोळ्यांत खार जात होती. फुलीच्या आत कोरं पोलाद चमकत होतं, आणि एका टोकाला सकाळपासूनच्या खाऱ्या हवेनं मोहरीएवढा डाग धरला होता.

"एवढासाच?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी? अवो, राख नि काथ्या घेतला तर एका..." आणि तिच्या अंगठ्याचं नख, जन्मभर कढया घासलेलं, आपसूक त्या डागाकडे निघालं.

"हात लावू नको!" गफूर ओरडला आणि भर पुळणीत, सगळ्या गावासमोर, त्यानं तिचा हात धरला.

"सोडा! लोक बघतात!"

"बघूदे. आधी हात मागे घे. दोनी."

ती घेईना. त्याला सोडवेना. मागून रहिमा बोंबलांची टोपली घेऊन चालली होती, ती थांबून मोठ्यानं हसायला लागली.